डावखुरा

सात माणसं, तीन दिवस, एक टेम्पो ट्रॅव्हलर.
गळ्यात माझी पाटी: शेवंती वेळीप, परवानाधारक.
फोटो चौदा वर्षांपूर्वीचा;
त्यातली मुलगी शिलाहार आणि कदंब यांत अजून गोंधळते.

पत्रकावर छापलंय 'मध्ययुगीन नगरं आणि दुर्ग',
म्हणून पहिल्या सकाळी, दरवेळी,
कुणीतरी बुरूज शोधत मान वर करतं
आणि मला म्हणावं लागतं, खाली बघा.

चांदरला सगळ्यांनी खाली बघितलं.
गवतात बुडालेली विटांची ओळ,
बिनडोक्याचा नंदी,
पलीकडे कुशावती, तिच्यात म्हशी.
ही राजधानी होती, मी म्हणाले.
डोंबिवलीच्या जोडप्यानं म्हशींकडे पाहून मान डोलावली.

सातवा माणूस कुणाशी बोलत नव्हता.
धाकू मांडवकर, लांज्याचे, वय सत्तरीपार.
लेकीनं पैसे भरून पाठवलेलं:
'आयुष्यभर चिरेखाणीत वाकलात, आता जरा हिंडा.'
पायात नवे बूट. बूट चावत होते.
नंदीजवळ ते वाकले, मानेच्या तुटलेल्या जागी
अंगठा फिरवला, आणि तसेच गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी गोवा वेल्हा.
तिथली सहल मी ओहोटीवर आखते.
राजाचं बंदर दीडच्या सुमाराला
जुवारीच्या चिखलातून वर येतं, थोडंसंच,
जांभ्याचा काळा पडलेला बांध,
त्यावर कालवं, खेकडे, एक तुटकी चप्पल.
इथे अरबी घोडे उतरायचे, मी सांगत होते
(घोड्यांपाशी माझा आवाज नेहमी चढतो),
तेवढ्यात दिसलं, धाकू बूट काढून
पोटरीभर चिखलात.

'बाई, हा डावखुरा होता.'

कोण?
'हे तीन चिरे ज्यानं तासले तो.
घाव बघा कसे पडलेत, उलटे.
शेजारचे बघा. ते दुसऱ्याचे. आणि इथे,
इथे तो दमला. टिकाव वरवर लागलाय.
हा पुढचा खोल.
जेवून आला असणार.'

पुण्याच्या निमकर सरांनी मोबाईल पुढे केला,
नोंद करायची होती: 'साधारण काळ कुठला?'
'दुपारचा,' धाकू म्हणाले.

कुणी हसलं नाही.
भरती चढत होती, घाव एकेक करून भरत होते,
आणि मला इसवी सन आठवेना.

तिसरा दिवस खोलगडाचा. माझ्या गावचा.
तटावर वारा, खाली समुद्र,
सगळे फोटोंत गुंतलेले.
धाकू तटाला पाठ टेकून बसले,
बुटाच्या नाड्या सोडत त्यांनी विचारलं,
'तुमचं कुणी होतं का ह्या कामावर?'

सोंद्याचे राजे मला पाठ आहेत,
पोर्तुगीजांच्या तोफा, कैदेतल्या माणसांचे आकडेही.
पण आमचे वेळीप, जे समोरच्या उतरणीवर
कुमेर जाळून नाचणी पेरायचे,
त्यांना कुणी बोलावलं का,
डोक्यावर चिरा देऊन ह्या चढावर चालवलं का,
भात दिला का, की नुसतीच पेज,
ह्याचं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं.
म्हटलं, असणार.
'असणारच,' ते म्हणाले. 'एवढा दगड
राजा थोडाच उचलतो?'

मडगाव स्टेशनवर त्यांनी हात हलवला.
डावा.
दुसऱ्या हातात पिशवी होती म्हणून,
की आणखी कशासाठी, मला कळलं नाही.

परवा नवी तुकडी आली. नऊ जण.
ओहोटीला त्यांना बांधापाशी उभं केलं,
घोडे उतरवण्याआधी म्हटलं, जरा हात लावा.
एका पोरानं लावला, लगेच काढला:
'ई, ओलं आहे.'

हो, मी म्हणाले.
आता इथून पुढे बघ. इथे तो जेवून आला.